तुतारी, सतार आणि डफ : वर्गात ऐकवाव्यात अशा संगीताच्या कविता

रायगडावर दरवर्षी ६ जूनला शिवराज्याभिषेक सोहळा होतो आणि तुतारी वाजते. महाड-पोलादपूरच्या मुलांना हा आवाज नवा नाही. गणपतीत शक्ती-तुऱ्याची ढोलकीही त्यांनी ऐकलेली असते. पण हीच वाद्यं मराठीच्या तासाला कवितेत आली की काय होतं? शब्दार्थ लिहायचे, आशय सांगायचा आणि पुढचा धडा. आवाज मात्र वर्गाबाहेरच राहतो.

वाद्यावरची कविता कळायची असेल, तर आधी ते वाद्य कानावर पडायला हवं. मुलांना ऐकवता येतील अशा दोन कविता, एक पोवाडा आणि जलशाची गाणी यांच्याविषयी जाणून घेऊया.

१. 'तुतारी' : गाणं नव्हे, हाक

तुतारीला बासरीसारखी छिद्रं नसतात. ओठांचा दाब आणि छातीतला दम यांवरच तिचा सूर चढतो-उतरतो. म्हणून तिच्यावर नाजूक चाली वाजत नाहीत. ती वर्दी देते, लोकांना जागं करते.

केशवसुतांनी १८९३ मध्ये 'तुतारी' लिहिली, तेव्हा नेमकं हेच वाद्य निवडलं. कवितेतल्या माणसाला झोपलेल्या समाजाला उठवायचंय आणि जाचक रूढी मोडायच्यात. त्यासाठी सतार किंवा बासरी चालली नसती. 'कवीनं तुतारीच का मागितली?' हा प्रश्न वाद्य ऐकवल्यानंतर विचारला, तर उत्तर मुलंच देतात.

महाडच्या वर्गात या कवितेला आणखी एक धागा जोडता येतो. 'तुतारी'नंतर ३४ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि तिथलं पाणी प्यायले. कविता आणि सत्याग्रह यांचा थेट संबंध नाही, पण माणसाला माणूस मानण्याचा प्रश्न दोन्हीकडे आहे. केशवसुतांनी 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविताही लिहिली होती. ती सोबत वाचली, तर तुतारी कशाविरुद्ध फुंकायची हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. तळं तर त्यांच्याच गावात आहे.

२. 'सतारीचे बोल' : मन शांत कसं होतं?

हीसुद्धा केशवसुतांचीच कविता, पण स्वभाव अगदी उलटा. अंधाऱ्या रात्री एक खचलेला माणूस बाहेर पडतो. कुठल्याशा खिडकीतून सतार ऐकू येते. आधी त्याला तिचा रागच येतो, मग पाय थबकतात, डोळे भरून येतात आणि शेवटी मन निवतं.

कवीनं तारांचा आवाजच शब्दांत पकडलाय आणि तो कडव्यामागून कडव्यात पुन्हा येतो. आवाज तोच असतो, ऐकणाऱ्याचं मन बदलत जातं. मोबाइलवर दोन मिनिटं सतार लावून मग कविता मोठ्यानं वाचली, की हा बदल लक्षात येतो. परीक्षेच्या ताणात असलेल्या नववी-दहावीच्या मुलांशी मनातल्या निराशेबद्दल बोलायला ही कविता चांगलं निमित्त आहे.

३. तानाजींचा पोवाडा : डफाशिवाय अर्धाच

पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे नरवीर तानाजी मालुसरे यांचं गाव. ४ फेब्रुवारी १६७० च्या कोंढाण्याच्या लढाईत ते पडले. त्यांच्यावरचा सर्वांत गाजलेला पोवाडा शाहीर तुळशीदासाचा. रायबाचं लग्न, महाराजांचा निरोप, घोरपडीच्या साहाय्यानं कडा चढणं हे सगळं त्यात येतं.

पोवाडा संगीताविषयी नाही, पण त्याची रचनाच संगीतावर उभी आहे. ओळी कमी-जास्त लांबीच्या असतात, त्यामुळे मनात वाचताना अडखळायला होतं. शाहीर डफाच्या ठेक्यावर त्या ओढून घेतो, तुणतुणं सूर धरून ठेवतं आणि साथीदार 'जी जी' करत दम घ्यायला जागा देतात. हा प्रयोग बाकावर थाप देऊनही होतो : एक मुलगा शाहीर, बाकीचा वर्ग साथीला.

इथे शिक्षकांनी एक फरक सांगायला हवा. पोवाडा ही कविता आहे, इतिहासाचं पुस्तक नाही. घोरपडीची गोष्ट लोकप्रिय असली, तरी ती पुरावा म्हणून घेता येत नाही.

जलशाची गाणी विसरू नका

पोवाड्याइतकीच वर्गात शोभेल अशी दुसरी परंपरा आंबेडकरी जलशाची. लिहिता-वाचता न येणाऱ्यांपर्यंत समतेचा विचार गाण्यांतून पोहोचला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे त्यातलं मोठं नाव.

शेअर करताना काय पाहायचं?

- भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कविता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पूर्ण टाकता येतात.
- वामनदादांच्या गाण्यांवर हक्क अजून आहेत. विद्यार्थी-शिक्षक-पालकांसमोर शाळेत गायला कायदा मुभा देतो, पण तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट आहे.
- कविता जुनी असली, तरी तिच्या गायनाच्या रेकॉर्डिंगवर स्वतंत्र हक्क असू शकतो.
- फॉरवर्डमध्ये ओळी बदलतात आणि कवीचं नाव गळतं. पाठवण्याआधी छापील पुस्तकाशी ताडून पाहा आणि कवीचं नाव लिहा.

आणि जमलं तर पुढची सहल रायगडावर काढा. तिथल्या नगारखान्याच्या दारातलं हलकं बोलणं सिंहासनाच्या जागेपर्यंत ऐकू येतं, असं सांगतात. मुलांना दोन टोकांना उभं करून 'तुतारी' वाचायला लावा. आवाज खरंच पोहोचतो का, ते त्यांनाच ठरवू द्या.