दारातला दिवा कोणी बदलायचा?

1956 च्या भारतीय वीज नियमांत 45 क्रमांकाचा एक नियम होता. ग्राहकाच्या जागेतले विजेचे काम, मग ते नवे असो, वाढीव असो की दुरुस्तीचे, परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेतले पाहिजे, असे तो बजावत असे. त्याच नियमात एक वाट मात्र मोकळी ठेवली होती. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे, घरगुती उपकरणे आणि फिटिंग बदलायची असतील तर ही अट लागू नव्हती; फक्त त्या बदलामुळे मूळ जोडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलता कामा नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 मध्ये नवे विनियम केले तेव्हाही ही सवलत जवळजवळ जशीच्या तशी पुढे आली. फाटकावरचा, ओट्यावरचा किंवा गच्चीच्या जिन्यातला दिवा स्वतः बदलणारा माणूस हल्ली व्हिडिओ बघून हात शिवशिवणारा हौशी समजला जातो, आणि ही हौस परदेशातून आली असेही धरून चालतात. आपल्याकडचा इतिहास तसे सांगत नाही. घराबाहेरच्या दिव्याची देखभाल इथे मुळात घरातच होत होती. दिव्याचा प्रकार बदलला की घर आणि कारागीर यांच्या कामांमधली रेघ थोडी इकडे-तिकडे सरकली, एवढेच. नियम 45 ने ती रेघ नव्याने आखली नाही, आधीपासून असलेली कागदावर उतरवली.

तेलाच्या दिव्यांच्या काळात ही वाटणी सरळ होती. दाराशेजारचा कोनाडा गवंडी बांधी, तुळशीवृंदावनातली दिव्याची जागाही तोच घडवी. एकदा बांधून झाले की त्याचा दिव्याशी संबंध संपला. पणती, वात आणि तेल ही घरातली बाब. कोकणात उंडीचे, कुठे करंजाचे, देशावर करडईचे, जे तेल हाताशी आणि स्वस्त ते जाळायचे. वाती दुपारी वळून ठेवायच्या आणि तिन्हीसांजेला दिवा लावायचा, हा दिनक्रम इतका अंगवळणी पडलेला होता की त्याला ‘काम’ म्हणून कोणी मोजतही नसे.

यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो रास्त आहे. मोठ्या वाड्यांत दिवे लावायला मालक जात नव्हते. मशाली आणि दिवट्या धरणारी माणसे वेगळी होती, आणि ती वेगळी का होती हे जातिव्यवस्थेला विचारावे लागते. शिवाय साध्या घरात हे काम ‘घरचे’ करत याचा अर्थ बहुतेकदा बायका आणि मुले करत असाच होतो. हे मान्य करूनही मुद्दा टिकतो. मशाल ही वाटेची, मिरवणुकीची आणि दरबाराची गरज होती, तिचा थाट वेगळा आणि खर्चही वेगळा. सामान्य घराच्या दारातला दिवा बाहेरच्या माणसाची वाट बघत बसला नाही. आकाशकंदील तर मुळापासून घरी घडत होता. बांबूच्या कामट्या तासायच्या, सुतळीने बांधून सांगाडा उभा करायचा, खळ शिजवून पतंगी कागद चिकटवायचा, खाली झिरमिळ्या लावायच्या आणि आत पणती ठेवायची. पुढे पणतीची जागा बल्बने घेतली तेव्हा त्याच्याबरोबर खिडकीतून सोडलेली लांब वायरही आली, आणि ती वायरही घरच्यांनीच जोडली. त्या जोडण्यांतल्या कित्येक बघून आज एखादा वीजतंत्री कपाळावर हात मारेल, ती गोष्ट वेगळी.

रॉकेल आल्यावर या कामाला यंत्राचे रूप मिळाले. कंदील ही वस्तू नीट पाहण्यासारखी आहे. तळाशी टाकी, तिच्यावर बर्नर, बर्नरमधून वर येणारी चपटी वात, ती वरखाली करायला बाजूला छोटी चावी, भोवती काच आणि दोन्ही अंगांना वरून खाली येणाऱ्या पोकळ नळ्या. त्या नळ्यांतून हवा बेताने ज्योतीपर्यंत पोचते, म्हणून वाऱ्याचा झोत आला तरी ज्योत विझत नाही. ओट्यावर, गोठ्यात, बैलगाडीच्या जूखाली टांगता येणारा दिवा तो या रचनेमुळेच. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी 1916 मध्ये काच कारखाना काढला, आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर पोचला. स्वदेशी उद्योगाची गाथा म्हणून हा कारखाना नेहमी सांगितला जातो. मला त्याचे दुसरे एक अंग अधिक महत्त्वाचे वाटते. कंदील हा सुट्या भागांचा दिवा होता. काच तडकली तर काच आणायची, वात संपली तर वात, बर्नर गंजला तर बर्नर. सगळा कंदील टाकून द्यायची गरज नव्हती आणि दुरुस्तीला कारागिराकडे न्यायचीही नव्हती. रोज संध्याकाळी राखेने काच घासायची, जळलेल्या वातीचे टोक कातरून सरळ करायचे, नरसाळ्याने रॉकेल भरायचे. वात तिरकी कातरली गेली तर ज्योतीला एका बाजूने शिंग फुटते आणि काच काळी पडते, हे चौथीतल्या मुलालाही ठाऊक असे. यंत्र उघडणे, झिजलेला भाग ओळखणे आणि तेवढाच बदलणे ही सवय वीज येण्याच्या कितीतरी आधी घरात मुरलेली होती.

खरा खंड पडला तो गॅसने. तेलाच्या दिव्यात इंधन दिव्याच्या पोटातच असते. गॅस दुरून नळातून येतो आणि दिवा त्या नळाचे केवळ टोक बनतो. मुंबईत हा प्रयोग पहिल्यांदा केला तो मात्र एका घरमालकानेच. जहाजबांधणीच्या घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी 1834 मध्ये माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली, आणि खुद्द गव्हर्नर ते पाहायला आले. हे अर्देशीर पुढे 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. म्हणजे ‘स्वतःच करून बघू’ या वृत्तीचा मुंबईतला मूळपुरुष कोणी ऐरागैरा नव्हता. रस्त्यांवर गॅसचे दिवे यायला 1865 चा ऑक्टोबर उजाडला. ते दिवे कंपनीचे, पेटवणारा माणूसही बाहेरचा. विजेने हीच वाट पुढे नेली. 1882 मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले, पण ते काम घेतलेली कंपनी लवकरच बुडाली. शहराला नियमित वीज मिळू लागली ती 1905 नंतर, आणि 1915 मध्ये खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचली. उरलेल्या महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांना मात्र 1960 मध्ये स्थापन झालेल्या वीज मंडळाची वाट बघावी लागली.

आता भिंतीवर सागवानी पट्टी ठोकून तिच्यावरून वायर नेणारा माणूस आला. आयटीआयच्या मराठीत तो ‘तारतंत्री’, बोलण्यात वायरमन. दिवा लावण्याचे काम त्याच्याकडे गेले असे वाटते खरे, पण पुरते गेले नाही, आणि याचे श्रेय एका क्षुल्लक वस्तूला द्यावे लागेल. ब्रिटिशांच्या चालीने आपल्याकडे दोन पिनांचा बल्ब रुजला. युरोप-अमेरिकेत आट्यांचा बल्ब चालला. आपल्याकडे पिना खाचेत बसवायच्या, दाबायचे आणि थोडे फिरवायचे. आतली स्प्रिंग बल्ब घट्ट धरून ठेवते, वाऱ्याने किंवा हादऱ्याने तो सैल होत नाही. हत्यार लागत नाही, स्टूल पुरते. गोल लाकडी ब्लॉक, त्यावर बॅकेलाइटचा होल्डर आणि वायर ही कोनाड्यासारखी कारागिराची बाजू झाली. बल्ब ही पणतीसारखी घरची. जुनी वाटणी नव्या सामानात पुन्हा मांडली गेली, आणि 1956 चा नियम याच वाटणीवर शिक्कामोर्तब करतो. दारावर रात्रभर जळणारा झिरोचा बल्ब तिचा अस्सल प्रतिनिधी. नावाला झिरो असला तरी तो 12 ते 15 वॅट वीज खात असे. डिसेंबर 1971 च्या युद्धात ब्लॅकआउट झाला तेव्हा काचांना काळे कागद चिकटवण्याची आणि बाहेरचे दिवे बंद ठेवण्याची जबाबदारीही सरकारने घरच्यांवरच टाकली होती.

ही वाटणी मोडली ती अलीकडे, एलईडीने. जानेवारी 2015 मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत 2014 मध्ये सुमारे 310 रुपयांना पडणारा एलईडी बल्ब दोन-अडीच वर्षांत 40 रुपयांच्या खाली आला, आणि 35 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. हे बल्ब जुन्याच पिन होल्डरमध्ये बसत, म्हणून तिथवर काही बिघडले नव्हते. पण बाहेरच्या दिव्यांत लवकरच बल्ब हा वेगळा भागच उरला नाही. फाटकाच्या खांबावरचा गोळा, भिंतीवरचा वरखाली उजेड फेकणारा दिवा, अंगणातला फ्लडलाइट, या सगळ्यांत दिवा आणि फिटिंग एकजीव झाले. आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताची वीज पुरवणारा भाग, गेला की काच उघडून बदलण्यासारखे काही हाती लागत नाही. सगळे फिटिंगच उतरवावे लागते. म्हणून आज फिटिंग बदलणे म्हणजे काल बल्ब बदलणे होते तेच काम. रेघ सरकवली ती उत्पादकांनी, ग्राहकाने नव्हे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप जिवाचा आहे. काजळीने कोणी मरत नाही, शॉकने मरते. आणि बाहेरच्या दिव्यावर चार महिने पाऊस मारा करतो. हे अगदी खरे. जुने फिटिंग उघडले की आत मेलेल्या किड्यांचा थर, गंजलेले स्क्रू, हिरवट पडलेली पितळी टोके आणि हात लावताच भुगा होणारे वायरचे आवरण दिसते. कित्येक जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असते. दिवा बंद दिसतो आणि होल्डर जिवंत असतो. म्हणून बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडून टेस्टर लावून बघावेच लागते, आणि तो टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून घ्यावा लागतो. पण या आक्षेपातून निघते ते एवढेच, की काम कुठवर करायचे आणि कुठे थांबायचे हे ठाऊक असले पाहिजे. खोक्यावर आयपी 65 असे लिहिलेले असते त्यातला सहा धुळीबद्दल आणि पाच पाण्याच्या झोताबद्दल सांगतो. नुसत्या शिंतोड्यांपुरत्या आयपी 44 चा दिवा उघड्या भिंतीवर लावू नये. वायर फिटिंगमध्ये वरून न नेता थोडी खाली झुलवून मग आत घ्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या झोलातूनच गळून पडते. दिव्याचे अंग धातूचे असेल तर हिरवी अर्थिंगची वायर जोडल्याशिवाय तो वापरू नये. ती वायर भिंतीत नसेल, जुनी वायर कुजलेली असेल किंवा नवा पॉइंट काढायचा असेल, तर तिथे घरच्यांचे काम संपले. नियमाच्या भाषेत तिथे जोडणीचे स्वरूप बदलते.

दुसरा आक्षेप पोटाचा. आपल्याकडे मजुरी स्वस्त, वायरमन हाकेच्या अंतरावर. मग त्याच्या तोंडचा घास का काढायचा? पण वायरिंगची मजुरी पॉइंटवर ठरते, आणि एका दिव्यासाठी येण्यात त्याचा अर्धा दिवस मोडतो. ‘उद्या येतो’ हे त्याचे उत्तर नेहमी टाळाटाळ नसते, हिशेबही असतो. त्याच्या कसबाची खरी गरज नव्या घराच्या वायरिंगला, अर्थिंगच्या खड्ड्याला आणि जळक्या बोर्डाला आहे.

घरच्यांचा हक्क खऱ्या अर्थाने आटला आहे तो फ्लॅटमध्ये. तिथे दाराबाहेरचा दिवा जिन्याचा, जिना सोसायटीचा आणि वायर सामायिक मीटरवर गेलेली. आपल्याच उंबऱ्याबाहेर हातभर अंतरावरचा दिवा उतरवायचा झाला तरी नियम 45 मधून पुढे आलेली सवलत तिथे कामाला येत नाही. आधी सचिवांना विचारावे लागते.