फुलं संपली, आता कुंडी बदला : शेवंती पुढच्या थंडीपर्यंत टिकवायची कशी?

जांबे (ता. मुळशी) : दिवाळीत आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी दारापुढची शेवंतीची कुंडी फुलांनी भरलेली होती. आता जानेवारी संपत आला. फुलं तपकिरी पडली, खालची पानं वाळली, की आपण समजतो झाड गेलं. कुंडी उकिरड्यावर रिकामी होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा नर्सरीतून नवीन रोप विकत आणतो. पण बुडाजवळची माती जरा उकरून बघा. हिरवे कोंब दिसतील. त्यांना आपल्याकडे काश्या म्हणतात. या काश्या वेळेवर काढून नव्या मातीत लावल्या, तर तीच शेवंती वर्षानुवर्षं घरात राहते. हे काम करायची वेळ म्हणजे आत्ताची, फेब्रुवारी-मार्चची.

आमच्या घरची चूक

आमच्या जुन्या घरामागे न्हाणीचं पाणी जायचं तिथे आईने लावलेली पिवळी शेवंती होती. बारीक फुलाची, वासाची. तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं तेव्हा डिसेंबर चालू होता. झाड फुलांनी लगडलेलं. मी सगळा गड्डा उपटला, खाचरातली चिकण माती रंगाच्या बादलीत भरली आणि त्यात लावून टाकला. बादलीला भोकही पाडलं नाही. आठ दिवसांत कळ्यांनी माना टाकल्या, पंधरा दिवसांत मुळं कुजून वास यायला लागला.

आईने काही बोलून दाखवलं नाही, पण तिला लागलं. पुढे मावशीकडे गेलो तर तिच्या अंगणात तीच पिवळी शेवंती! आईनेच कधीतरी तिला काशी दिली होती. मावशी म्हणाली, "अरे, फुलावर आलेलं झाड उपटतात का रे? फुलं संपली की ये, काश्या देते." फाल्गुनात जाऊन चार काश्या आणल्या. आज आमच्याकडे आहे ती त्याच चार काश्यांची.

हिंजवडी, मारुंजी, नेरे, जांबे या पट्ट्यात अंगणं कमी होत चालली आहेत. शेताच्या बांधावरची, परसातली फुलझाडं आता गॅलरीत आणि गच्चीवर कुंडीत आली आहेत. जमिनीतली शेवंती स्वतःच बाजूला सरकून नवी माती शोधते. कुंडीतल्या झाडाला तशी सोय नाही. ती माती आपणच बदलून द्यावी लागते.

शेवंतीचं वर्ष कसं चालतं

शेवंती दिवसाची लांबी ओळखते. आपल्याकडे जूनमध्ये सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. दिवस मोठा असेपर्यंत झाड पानं आणि फांद्या वाढवतं. पावसाळा सरता सरता रात्र मोठी होऊ लागली की कळ्या धरतं. फुलं येऊन गेली की वरचे दांडे निकामी होतात आणि मुळातून काश्या फुटतात.

म्हणून कुंडी बदलायची ती फुलं संपल्यावर आणि काश्या बोटभर झाल्यावर. कळी असताना मुळांना धक्का दिला तर झाड कळ्या टाकून देतं. एप्रिल-मेच्या कडक उन्हात केलं तर नवी मुळं धरायच्या आत रोप करपतं.

माती कशी करायची

शेवंतीची मुळं वरवर पसरणारी आणि बारीक तंतूंची असतात. त्यांना ओल लागते, पण साचलेलं पाणी चालत नाही. खाचरातली चिकण माती किंवा नुसती काळी माती कुंडीत भरली तर पाण्याने घट्ट बसते आणि उन्हाने तडकते. त्यात तुकडे तुटतात मुळांचेच. मिश्रण असं करा :

– चाळलेली लाल किंवा पोयट्याची माती : १ घमेलं
– जाडसर वाळू : १ घमेलं
– चांगलं कुजलेलं शेणखत : १ घमेलं
– कुजलेला पालापाचोळा : १ घमेलं
– चुलीतली लाकडाची राख : पाव घमेलं
– हाडांचा चुरा मिळाला तर दर मोठ्या कुंडीला २ चमचे

एवढ्या मालात १० इंची तीन-चार कुंड्या भरतात. शेणखत हाताने मोडून बघा. त्यात पांढऱ्या जाड हुमणीच्या अळ्या असतील तर वेचून काढा, नाहीतर त्या मुळं खातात. ताजं शेण अजिबात नको, त्याच्या उष्णतेने मुळं जळतात.

मिश्रण तयार झालं की ओलं करून मूठ आवळा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटाने टोचताच फुटला, तर माती बरोबर आहे. गोळा तसाच घट्ट राहिला तर वाळू वाढवा.

कुंडी बदलायची रीत

१. फुलं सुकली की दांडे जमिनीपासून चार-पाच इंच ठेवून छाटा. पाणी थोडं कमी करा, पण बंद करू नका. दोन-तीन आठवड्यांत काश्या जोर धरतील.

२. काश्या काढायच्या आदल्या संध्याकाळी कुंडीला पाणी द्या. कोरड्या मातीतून झाड काढलं तर मुळं तुटतात.

३. बुडावर हात ठेवून कुंडी उलटी करा आणि कडेला हलकेच ठोका. दांड्याला धरून ओढू नका. माती निघत नसेल तर कडेने खुरपं फिरवा.

४. माती सैल करून काश्या वेगळ्या करा. प्रत्येक काशीला स्वतःची थोडी पांढरी मुळं हवीत. पेन्सिलीपेक्षा बारीक, ताठ, हिरव्यागार काश्या घ्या. मधला जुना लाकडासारखा झालेला बुंधा ठेवू नका. त्याला पुढच्या वर्षी फुलं कमी येतात आणि रोगही त्यातच राहतो.

५. आधी ४ इंची कुंडीत किंवा काळ्या पिशवीत एकेक काशी लावा. लहान रोपाला एकदम मोठी कुंडी दिली तर माती जास्त दिवस ओली राहते आणि मुळं कुजतात. भोकावर फुटकी खापरी ठेवा, म्हणजे पाणी जाईल आणि माती अडेल.

६. काशी पूर्वी जेवढी मातीत होती तेवढीच लावा. कोवळा शेंडा मातीत जाऊ देऊ नका. बोटांनी माती दाबा, झारीने पाणी द्या आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवा.

७. जुनी माती पुन्हा शेवंतीला वापरू नका. तिच्यात मर रोगाची बुरशी आणि सूत्रकृमी असू शकतात. ती नारळाच्या किंवा कढीपत्त्याच्या बुडात टाका.

कुंडी विकतचीच पाहिजे असं नाही. तेलाचा डबा, रंगाची बादली चालते. फक्त नीट धुऊन बुडाला पाच-सहा भोकं पाडा आणि खाली दोन विटा ठेवा.

पुढचे दोन बदल

शेवंतीची कुंडी वर्षात तीनदा बदलते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ४ इंची कुंडीच्या भोकातून मुळं डोकावायला लागली की रोप ६ इंची कुंडीत न्या. साधारण पावसाच्या तोंडावर ही वेळ येते. शेवटचा बदल ऑगस्टमध्ये, १० इंची कुंडीत. या दोन्ही वेळी मुळांचा गोळा मोडायचा नाही, तसाच अलगद उचलून ठेवायचा आणि कडेने नवी माती भरायची. ऑगस्टनंतर कुंडीला हात लावू नका, कारण त्यापुढे झाड कळ्यांच्या तयारीला लागतं.

एप्रिल-मेमध्ये रोपांना सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्या. पावसाळ्यात मुळशीचा पाऊस कुंडीला झेपत नाही. पत्र्याच्या कडेला किंवा ओसरीत, उजेड येईल अशा जागी सरकवा. पाऊस उघडला की रोज पाच-सहा तास ऊन मिळालं पाहिजे.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. तीन-चार आठवड्यांनी बाजूच्या फांद्यांचेही शेंडे खुडा. एका शेंड्याच्या जागी तीन-चार फांद्या येतात आणि कुंडी भरते. ऑगस्ट संपला की खुडणं बंद. खुडलेले शेंडे जून-जुलैत वाळूत खोचले तर त्यांनाही दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. त्याला छाट कलम म्हणतात.

खत म्हणून शेण आणि पेंड पाण्यात आठवडाभर भिजवा, गाळा आणि चहासारखा रंग येईपर्यंत पाणी घाला. पंधरा दिवसांतून एकदा द्या. कळीला रंग दिसला की थांबवा.

दिव्याखाली ठेवू नका

काही घरांतून तक्रार येते की झाड हिरवंगार आहे, पण कळीच येत नाही. कुंडी कुठे आहे ते बघा. पोर्चच्या दिव्याखाली किंवा रस्त्यावरच्या खांबाच्या उजेडात असेल तर झाडाला रात्र झालेली कळतच नाही. पॉलीहाऊसवाले फुलं लांबवायची असली की मुद्दाम रात्री दिवे लावतात, ते याच कारणाने. सप्टेंबरपासून कुंडी अशा जागी ठेवा जिथे रात्री खरोखर अंधार असेल.

नर्सरीतून आणलेली शेवंती

डिसेंबरात विकत आणलेली कुंडी छोटी, गोल आणि गच्च फुललेली असते. त्यात एकच झाड नसतं, बहुतेक वेळा तीन ते पाच छाट कलमं एकत्र लावलेली असतात. उंची कमी राहावी म्हणून वाढ रोखणारं औषधही दिलेलं असतं. पुढच्या वर्षी तीच शेवंती तुमच्याकडे उंच वाढली तर घाबरू नका. औषधाचा अंमल गेला, एवढंच. काडी रोवून आधार द्या.

अशी कुंडी फुलात असताना बदलू नका. ती कोकोपीटमध्ये असते. कोकोपीट पूर्ण वाळलं की पाणी वरून देऊनही आत शिरत नाही, कडेने निघून जातं. तेव्हा कुंडी पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. फुलं संपल्यावर काश्या काढताना कोकोपीट झाडून टाका आणि वरची माती वापरा.

कीड दिसली तर

शेंड्यावर काळसर मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोराने धुवा. नाही गेला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. पानांवर तपकिरी-काळे ठिपके आले तर ती पानं तोडून जाळा. पाणी सकाळी आणि बुडाशीच द्या, पानं रात्रभर ओली राहू देऊ नका.

थोडक्यात वेळापत्रक

– जानेवारी अखेर : दांडे छाटणे
– फेब्रुवारी-मार्च : काश्या काढून ४ इंची कुंडीत
– एप्रिल-मे : दुपारची सावली
– जून : ६ इंची कुंडी, पहिली खुडणी
– जुलै : दुसरी खुडणी, छाट कलमं
– ऑगस्ट : १० इंची कुंडी, शेवटची खुडणी
– सप्टेंबरपासून : रात्री अंधार, दिवसा ऊन
– ऑक्टोबर ते जानेवारी : जातीप्रमाणे कळ्या आणि फुलं

शेवंतीचे प्रकार बघायचे असतील तर पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाला एकदा जाऊन या. पण गावातल्या जुन्या, बिननावाच्या शेवंत्या तिथे मिळतीलच असं नाही. त्या कुणाच्या तरी परसात असतात आणि मागितल्याशिवाय मिळत नाहीत. एका कुंडीतून सहज आठ-दहा काश्या निघतात. आपल्याला तीन-चार पुरतात. उरलेल्या फेकू नका, शेजारी द्या, बहिणीच्या घरी द्या. आपलं झाड कधी गेलंच, तर परत मागायला एक दार राहतं. आम्हाला ते मावशीचं दार मिळालं.