शून्य किमतीचं मत: लक्झेंबर्ग, आइसलँड आणि छोट्या देशांचा अभ्यास करणारी माणसं

आजच्या एपिसोडची सुरुवात गणितापासून. घाबरू नका, साधी बेरीज आहे. ती झाली की लगेच इतिहासात शिरू.

साल १९५८. युरोपियन आर्थिक समुदाय, म्हणजे ज्यातून पुढे आजची युरोपियन युनियन उभी राहिली ती संघटना, १ जानेवारीला सुरू झाली. सहा देश होते. मंत्र्यांच्या परिषदेत कोणाला किती मतं, हे करारातच लिहिलेलं होतं. फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि इटली यांना प्रत्येकी ४. बेल्जियम आणि नेदरलँड्सला प्रत्येकी २. लक्झेंबर्गला १. एकूण १७. आयोगाने मांडलेला प्रस्ताव बहुमताने पास व्हायला १२ मतं लागायची.

वरवर बघितलं तर लक्झेंबर्गची चंगळच. लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, क्षेत्रफळ आपल्या गोव्यापेक्षा कमी. पाच कोटींहून जास्त लोकांच्या जर्मनीला ४ मतं, तर याला अख्खं १.

आता आकडे परत बघा. बाकी पाचही देशांची मतं सम संख्येत आहेत. त्यांची बेरीज कशीही केली तरी समच येणार: ८, १०, १२, १४. लक्झेंबर्गच्या एका मताने निकाल फिरायचा असेल, तर बाकीच्यांची बेरीज नेमकी ११ यायला हवी. ती कधीच येत नाही.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे असं काही दिसलं की हात शिवशिवतात. दहा-बारा ओळींचा पायथन कोड लिहिला आणि सहा देशांच्या हो-नाहीच्या सगळ्या ६४ शक्यता चालवून बघितल्या. प्रस्ताव पास होतो १४ वेळा. त्यातल्या ७ वेळा लक्झेंबर्ग 'हो' म्हणतो आणि ७ वेळा 'नाही'. म्हणजे त्याने कुठलंही बटण दाबलं तरी आउटपुट तेच. आमच्या भाषेत याला डेड कोड म्हणतात.

काही निर्णयांना एकमत लागायचं, आणि आयोगाच्या प्रस्तावाशिवाय घ्यायच्या निर्णयांना किमान चार देशांचा होकार लागायचा. तिथे लक्झेंबर्ग कामाला यायचा. पण नेहमीच्या बहुमताच्या वाटेवर त्याच्या मताची किंमत शून्य. आणि ही स्थिती १९५८ ते १९७२ अशी तब्बल पंधरा वर्षं होती.

मत असणं वेगळं, ताकद असणं वेगळं

हा हिशेब मांडणारी माणसं कोण, तेही बघू. लायोनेल पेनरोज हे ब्रिटनमधले मानसोपचारतज्ज्ञ आणि आनुवंशशास्त्रज्ञ. २०२० चं नोबेल मिळालेले रॉजर पेनरोज यांचे वडील. १९४६ मध्ये त्यांनी बहुमताच्या मतदानावर एक लेख लिहिला. हातात किती मतं आहेत हे मोजू नका, तुमच्या मताने निकाल किती वेळा बदलतो ते मोजा, असं त्यात सांगितलं. १९६५ मध्ये अमेरिकेत जॉन बँझाफ या वकिलाने स्वतंत्रपणे हीच गोष्ट मांडली. त्याच्यासमोर न्यूयॉर्क राज्यातल्या नासाऊ काउंटीचं स्थानिक मंडळ होतं. तिथल्या काही भागांच्या प्रतिनिधींना मतं होती, पण ती कधीच निर्णायक ठरू शकत नव्हती. हे साहेब वकिलीआधी इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग शिकलेले, हे वाचून मला विशेष बरं वाटलं.

पुढची गंमत १९७३ ची. ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क आत आले. चार मोठ्यांना प्रत्येकी १०, बेल्जियम-नेदरलँड्सला ५, डेन्मार्क-आयर्लंडला ३, लक्झेंबर्गला २. एकूण ५८, पास व्हायला ४१. लक्झेंबर्गचा वाटा १७ पैकी १ होता, तो ५८ पैकी २ झाला. म्हणजे घटला. पण बाकी आठ देशांच्या २५६ शक्यतांपैकी ५ ठिकाणी आता त्याच्या मताने निकाल फिरत होता. वाटा कमी झाला आणि ताकद शून्यावरून वर आली. स्टीव्हन ब्राम्स आणि पॉल अफुसो या अभ्यासकांनी १९७६ मध्ये हा विरोधाभास जगासमोर मांडला.

आता तुम्ही विचाराल, पंधरा वर्षं ज्याचं मत फुकट, तो देश त्या टेबलावर बसून करत काय होता?

भिंती नसलेलं घर

त्यासाठी थोडं मागे जाऊ. पहिल्या महायुद्धात लक्झेंबर्ग तटस्थ होता. १९१४ मध्ये जर्मन सैन्य तरीही आत शिरलं. युद्ध संपलं आणि जर्मन जकात संघाशी १८४२ पासून असलेलं नातं तुटलं. पोलाद विकायचं कुणाला? १९१९ मध्ये जनमत घेतलं, लोकांनी फ्रान्सशी आर्थिक संघ करायला मोठ्या बहुमताने कौल दिला. फ्रान्सने हात झटकले. शेवटी १९२१ मध्ये बेल्जियमशी करार झाला. लोकांनी कौल द्यायचा एकाला, आणि संसार करायचा दुसऱ्याशी!

१० मे १९४० ला जर्मन सैन्य परत आलं. तटस्थता परत कागदावरच राहिली. १९४२ मध्ये देश थेट जर्मन राइशला जोडून टाकला आणि तिथल्या तरुणांना जर्मन सैन्यात जबरदस्तीने भरती केलं. लोकांनी संप केला, तो गोळ्यांनी मोडला गेला.

लंडनमध्ये बसलेल्या निर्वासित सरकारने यातून जो धडा घेतला, तो पुढच्या ऐंशी वर्षांचं धोरण ठरला. सप्टेंबर १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, बेल्जियम आणि नेदरलँड्ससोबत बेनेलक्स जकात करार झाला. १९४८ मध्ये राज्यघटनेतून तटस्थता काढून टाकली. १९४९ मध्ये नाटो. १९५० मध्ये फ्रान्सच्या रॉबर्ट शुमन यांनी कोळसा-पोलादाच्या एकत्र बाजारपेठेची घोषणा केली, तेव्हा लक्झेंबर्ग लगेच तयार. शुमन यांचा जन्मही लक्झेंबर्गमधलाच.

जुलै १९५२ मध्ये प्रश्न आला, या नव्या संस्थेचं ऑफिस कुठे? पॅरिसमध्ये रात्रभर बैठक चालली. ब्रसेल्स अनेकांना चाललं असतं, पण बेल्जियमचं सरकार लिएज शहरासाठी अडून बसलं. सगळे थकल्यावर लक्झेंबर्गचे परराष्ट्रमंत्री जोसेफ बेश यांनी सुचवलं, तात्पुरतं आमच्याकडे सुरू करा. ते 'तात्पुरतं' असं रुजलं की युरोपियन न्यायालय आजही त्याच शहरात आहे.

जानेवारी १९६६ चं दृश्य तर बघण्यासारखं. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी सहा महिने बैठकांवर बहिष्कार टाकला होता. इतिहासात याला 'रिकामी खुर्ची' म्हणतात. तडजोडीची बैठक लक्झेंबर्गमध्ये भरली. अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी फिरायचं, आणि तेव्हा पाळी होती लक्झेंबर्गची. पंतप्रधान पियेर वेर्नर अध्यक्षस्थानी. ज्याचं मत गणिताने शून्य, तो माणूस द गॉलच्या फ्रान्सला परत टेबलावर आणायच्या बैठकीचं अध्यक्षपद सांभाळत होता. याच वेर्नर यांच्या समितीने १९७० मध्ये एक चलनाकडे जायचा आराखडा दिला.

म्हणजे पेनरोजचा हिशेब चूक नव्हता, फक्त तो मतदानाच्या क्षणापुरता होता. बैठक कोण चालवणार, विषय कोणता आधी घेणार, मसुदा कोण लिहिणार आणि भांडण झालं तर निवाडा कोण करणार, हे त्या बेरजेत येतच नाही.

अभ्यासक काय म्हणतात

छोट्या देशांवरच्या अभ्यासाची शाखाही याच प्रश्नातून वाढली. १९५९ मध्ये अनेट बेकर फॉक्स यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या तुर्कस्तान, फिनलँड, नॉर्वे, स्वीडन आणि स्पेन यांच्या मुत्सद्देगिरीवर पुस्तक लिहिलं. दोन दांडगे एकमेकांना भिडलेले असताना मधल्याने कसं तगायचं, हा त्यांचा प्रश्न. १९८५ मध्ये पीटर कात्झेनस्टाइन यांनी ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क, नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन आणि स्वित्झर्लंड हे सात देश घेतले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: छोटा देश दारं बंद करून जगू शकत नाही, बाजार उघडाच ठेवावा लागतो. मग बाहेरून बसणारे फटके सोसायला घरात मालक, कामगार आणि सरकार यांना सतत एकत्र बसून वाटाघाटी कराव्या लागतात. बाहेर उघडेपणा, आत एकमेकांना सांभाळणं.

तिसरं नाव बाल्डर थोरहॉल्सन, आइसलँड विद्यापीठातले प्राध्यापक. २००० साली आलेल्या पुस्तकात त्यांनी युरोपियन युनियनमधल्या छोट्या देशांचं रोजचं काम तपासलं. ते म्हणतात, माणसंच कमी असल्याने हे देश सगळीकडे लढत नाहीत. दोन-चार विषय निवडतात आणि तिथे जीव लावतात. बाकी ठिकाणी ब्रसेल्सच्या आयोगाशी सलोखा ठेवतात. ज्यांनी तीन जणांच्या टीममध्ये राहून तीनशे जणांच्या कंपनीशी डील केलंय, त्यांना हे लगेच कळेल.

पुढे त्यांनी निवाऱ्याचा सिद्धांत मांडला. छोट्या देशाला राजकीय, आर्थिक आणि सामाजिक निवारा लागतो. तो मोठ्या शेजाऱ्याकडून मिळतो किंवा संघटनेकडून. आणि त्याचं भाडंही भरावं लागतं. या सिद्धांताची परीक्षा त्यांच्याच देशात झाली.

बाजार मिळाला, छप्पर नाही

२००८ चं आइसलँड. लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आत, म्हणजे आपल्या सांगली-मिरजेपेक्षाही कमी. युरोपियन युनियनचा सदस्य नाही, पण १९९४ पासून युरोपियन आर्थिक क्षेत्रात. त्यामुळे तिथल्या बँकांना अख्खी युरोपियन बाजारपेठ खुली. लँड्सबांकी या बँकेने 'आइससेव्ह' नावाने ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये ऑनलाइन ठेवी गोळा केल्या. आइसलँडच्या बँकांचा पसारा देशाच्या जीडीपीच्या जवळपास दहापट झाला.

ऑक्टोबरमध्ये तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या. ८ ऑक्टोबरला ब्रिटनने लँड्सबांकीची मालमत्ता गोठवली, तीही दहशतवादविरोधी कायदा वापरून. नाटोतला मित्र देश, आणि कायदा हा! अमेरिकेचं सैन्य दोन वर्षांपूर्वीच केफ्लाविकचा तळ सोडून गेलं होतं. नाणेनिधीचं २१० कोटी डॉलर्सचं कर्ज मंजूर व्हायला नोव्हेंबर उजाडला. त्याआधी धावून कोण आलं? फॅरो बेटं. लोकसंख्या पन्नास हजारांहून कमी. त्यांनी ३० कोटी डॅनिश क्रोनर देऊ केले.

थोरहॉल्सन यांचं निदान असं की आइसलँडने मोठा बाजार घेतला, पण पाऊस आल्यावर उभं राहायला छप्पर घेतलंच नव्हतं. जुलै २००९ मध्ये देशाने युरोपियन युनियनकडे अर्ज केला.

पण थांबा, गोष्ट इथे सरळ संपत नाही. ब्रिटन आणि नेदरलँड्सचे पैसे करदात्यांनी परत करावेत, असा करार २०१० आणि २०११ मध्ये दोनदा जनमताला आला. दोन्ही वेळा लोकांनी धुडकावला. प्रकरण एफ्टा न्यायालयात गेलं. २८ जानेवारी २०१३ ला निकाल लागला, आइसलँड जिंकलं. हे न्यायालय कुठल्या शहरात आहे माहितीये? लक्झेंबर्ग.

त्याच वर्षी नव्या सरकारने सदस्यत्वाच्या वाटाघाटी थांबवल्या आणि २०१५ मध्ये आम्हाला उमेदवार समजू नका असं कळवलं. कारण मासे. आपल्या समुद्रातल्या माशांचा कोटा ब्रसेल्समध्ये ठरणार, हे तिथे कुणाला सहज पचत नाही. याच देशाने १९७६ पर्यंत तीन कॉड युद्धांत ब्रिटनच्या नौदलाला मागे हटवून २०० मैलांचा समुद्र मिळवला होता. तेव्हा नाटोचा तळ आपल्या जमिनीवर आहे, हाच त्यांचा हुकमाचा पत्ता होता.

भाडं किती?

दुसरी बाजूही सांगायला हवी. दिआना पांके या जर्मन अभ्यासक दाखवतात की आत आल्यावरही छोट्यांची दमछाक होते. माणसं कमी, तज्ज्ञ कमी, बैठका तेवढ्याच. आणि छोटा म्हणजे बिचारा, असंही नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये लक्झेंबर्गने बड्या कंपन्यांना दिलेल्या करसवलतींची कागदपत्रं फुटली. त्याच महिन्यात आयोगाचे अध्यक्ष झालेले जाँ-क्लोद युंकर अनेक वर्षं त्याच देशाचे पंतप्रधान होते. नियमांचं छत्र मिळालं की त्याखाली बसून शेजाऱ्यांचा महसूलही ओढता येतो.

मला यातून एवढं कळलं: छोट्या देशाने 'माझं मत किती' हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावं की नियम लिहिताना मी खोलीत आहे का, आणि नियम मोडला गेला तर दाद मागायला जागा आहे का. लक्झेंबर्गला १९५८ मध्ये दोन्ही मिळालं होतं. आइसलँडकडे २००८ मध्ये दाद मागायची जागा होती, पण नियम लिहिण्याच्या टेबलावर मत नव्हतं आणि पडझडीत धरायला हात नव्हता. समुद्रावरचा हक्क मात्र शाबूत होता. यातलं काय जास्त मोलाचं, हे प्राध्यापक ठरवू शकत नाहीत. थोरहॉल्सन स्वतः २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले होते, पाचवे आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या नव्या सरकारने वाटाघाटी परत सुरू करायच्या का यावर २०२७ पर्यंत जनमत घेऊ असं जाहीर केलं. म्हणजे छप्पर की मासे, हे शेवटी तिथल्या मतदारांनाच ठरवायचंय.

तोवर तुम्ही एक करा. १९५८ चे ते सहा आकडे वहीत उतरवा आणि लक्झेंबर्गचं मत कामाला येईल अशी एक तरी बेरीज शोधून बघा. सापडणार नाही, पण बाकीचे पाच देश एकमेकांवर किती अवलंबून होते ते दिसेल. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!