सात ते दहा

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितले. पण नोंदणी, पाण्याची टाकी, लिफ्टचे प्रकरण, गच्चीची गळती यांवर आपले माजी सचिव याच अंकात लिहीत आहेत, आणि त्यांच्याकडे फायली आहेत. माझ्याकडे फायली नाहीत. म्हणून मी वेगळाच इतिहास लिहायला घेतला आहे. संध्याकाळी सात ते रात्री दहा या तीन तासांत आपल्या घरांत काय चालत आले, त्याचा. उत्तर तुम्हाला माहीत आहे, टीव्ही चालत आला. पण तो कसा चालत आला आणि मधे काही दिवस कसा बंद पडला, ते सांगण्यासारखे आहे.

माझा जन्म 1950 चा, वाईचा. दिवेलागण झाली की आजी देवापुढे दिवा लावायची, आम्ही भावंडे रांगेत बसून शुभंकरोती म्हणायचो आणि मग परवचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. बँकेत कॅल्क्युलेटर हातात येईपर्यंत व्याज काढताना ही दिडकी मला किती उपयोगी पडली, ते माझे मलाच ठाऊक. त्या काळी घरात माणसे एकमेकांशी खूप बोलत, असे हल्ली व्याख्यानांत ऐकतो. आमच्याकडे तसे काही नव्हते बुवा. वडील एका छापखान्यात खिळे जुळवायचे. घरी आले की हात घासून घासून धुवायचे आणि ओटीवर गप्प बसायचे. आमच्याशी बोलायचे ते प्रगतिपुस्तकावर सही करताना. पण ते त्याच ओटीवर असत, एवढे मात्र खरे. बुधवारी रात्री आठला शेजाऱ्यांच्या रेडिओवर सिलोनची बिनाका गीतमाला लागे, तेव्हाही ते उठून जात नसत. रेडिओचे एक बरे होते. त्याला कान दिले की पुरे, आई ऐकता ऐकता तांदूळ निवडायची.

मुंबई दूरदर्शन सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 रोजी. मी 1973 साली बँकेत लागलो आणि गिरगावात मामांच्या चाळीत राहायला आलो. आमच्या मजल्यावर एकाच घरी टीव्ही होता. त्या घरच्या वहिनी दर शनिवारी-रविवारी बाहेरची खोली रिकामी करून चटया टाकत आणि चाळीस-पन्नास माणसे आत-बाहेर दाटीवाटीने बसत. पुढे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे 'चिमणराव' लागायचे, तेव्हा गॅलरीत पाय ठेवायला जागा नसे. म्हणून मी टीव्हीला सरसकट शिव्या देणाऱ्यांतला नाही. तेही एकत्र बसणेच होते, आणि वहिनींच्या जिन्यावरचे शेंगदाण्याचे फोलही आम्हीच झाडायचो. दुसरी गोष्ट म्हणजे तेव्हाचा टीव्ही आपणहून बंद व्हायचा. प्रक्षेपण संध्याकाळपुरते असे. संपले की पडद्यावर मुंग्या आणि लोक आपापल्या घरी.

1984 मध्ये आमच्या घरी टीव्ही आला, तो बँकेच्या फेस्टिव्हल ॲडव्हान्समधून. आदल्या वर्षी लॉर्ड्सवरची फायनल दुसऱ्याच्या घरी उभ्याने पाहिली होती, ते सौ.च्या मनाला लागले असावे. 'हम लोग' त्याच वर्षी जुलैत सुरू झाली होती. आमचा सेट लाकडी, पुढे दोन्ही बाजूंनी सरकणारे शटर आणि शटरला कुलूप. किल्ली सौ.च्या कमरेला. मुलाच्या परीक्षा आल्या की कुलूप लागे आणि त्यावर अपील नसे. 1987 च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाले तेव्हा मात्र रविवारी सकाळी कुलूप उघडून वर हळदकुंकू वाहिलेलेही मी पाहिले आहे.

आपली सोसायटी 1999 ची. डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघायला लागली तेही याच वर्षी आणि अल्फा मराठी वाहिनी आली तीही याच वर्षी. आपल्याला ताबा मिळाल्यावर पहिल्या महिन्यात पाणी नियमित नव्हते, जिन्यात दिवे नव्हते, पण केबलवाला गच्चीवरून वायरी सोडून मोकळा झाला होता! जुना लाकडी सेट आम्ही भंगारात दिला. नव्याला रिमोट होता, कुलूप नव्हते. 2000 च्या जुलैत एकाच दिवशी 'कौन बनेगा करोडपती' आणि सासू-सुनांची ती मोठी मालिका सुरू झाली, आणि आपल्या बत्तीस घरांत जेवणाची ताटे हातात आली. 2003 मध्ये मुलाच्या खोलीत दुसरा सेट घेतला, कारण क्रिकेट आणि मालिका यांची वेळ एक होऊ लागली. तो मीच घेतला. भांडण मिटले म्हणून मला तेव्हा समाधान वाटले होते.

आणि मग भारनियमन आले. 2006-07 च्या सुमाराचे दिवस नव्या सभासदांना माहीत नसतील. सकाळी वीज जायची आणि पुन्हा संध्याकाळी पावणेसातला जायची, ती नऊ-सव्वानऊला यायची. लोकलला लोंबकळून आलेला माणूस अंधारात चार जिने चढायचा. पंप बंद, पंखा बंद, दहावी-बारावीची मुले मेणबत्तीपुढे. बी विंगमध्ये एक आजारी आजी होत्या, त्यांच्या सुनेने दोन-दोन तास वारा घातलेला आहे. तेव्हा ते दिवस सुखाचे होते, असे मी म्हणणार नाही. मी तेव्हा सोसायटीचा खजिनदार. सह्या गोळा करून निवेदन नेणाऱ्यांत मी पुढे होतो.

पण उकाड्याने माणसे खाली उतरली. आधी पायऱ्यांवर, मग पार्किंगमध्ये खुर्च्या, मग सतरंज्या. कुणी पोळीभाजीचे डबे घेऊनच खाली येऊ लागले. मुलांच्या गाण्याच्या भेंड्या, ए विंगमधल्या मास्तरांचे आकाशातले तारे दाखवणे, बायकांची वेगळी बैठक. बत्तीस घरांतल्या माणसांची नावे मला खरी तेव्हा पाठ झाली. तोवर मी त्यांना फ्लॅट नंबर आणि थकबाकी यांवरून ओळखत होतो.

वडील तेव्हा आमच्याकडे होते. ब्याऐंशी वर्षांचे. त्यांना खाली उतरवत नसे, म्हणून आम्ही चौघे बाल्कनीत बसायचो. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. पहिले आठ-दहा दिवस कुणी काही बोलले नाही. आम्हाला सवयच नव्हती. मग एकदा मुलाने सहज विचारले, "आजोबा, तुम्ही छापखान्यात अक्षरं उलटी कशी वाचायचात?" आणि ते बोलू लागले. खिळे कसे असत, कोणत्या खणात कोणते अक्षर, जोडाक्षरांची पंचाईत काय. रोज थोडे थोडे. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि बहुधा आमचे चेहरेही त्यांना दिसत नव्हते, म्हणूनच त्यांना सोपे गेले असावे.

एका रात्री ते 1943 सालावर आले. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते. वडील एकोणीस वर्षांचे, नुकतेच कामाला लागलेले. मालक गावाला गेला की रात्री-पहाटे प्रतिसरकारची पत्रके छापायची, असे दोन-तीनदा झाले. ट्रेडल पायाने चालवायचे, त्याचा खडखडाट शांत गल्लीत लांब जायचा. त्यावर तोड अशी काढली होती, की शेजारच्या घरातली एक बाई त्याच वेळी जात्यावर दळायला बसे. पहाटे जाते घरघरणे यात कुणाला नवल वाटत नसे.

मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो. माझ्या वडिलांनी कधी असे काही केले होते, याचा मला पत्ता नव्हता. आईलाही होता की नाही, देव जाणे.

मुलाने विचारले, "ती बाई कोण? तिला पकडलं का?" तेवढ्यात वीज आली. सगळ्या बिल्डिंगमधून मुलांचा 'होऽऽ' असा ओरडा झाला, आमचा टीव्ही आपोआप सुरू झाला. वडील उठता उठता म्हणाले, "ते उद्या."

दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर आला. मीच आदल्या आठवड्यात पैसे भरले होते. सौ. म्हणाली होती, "दिवाळीनंतर घेऊ की, घाई काय आहे?" मी म्हटले, मुलाच्या अभ्यासाचे नुकसान होते. दोन ट्यूब, दोन पंखे आणि टीव्ही, एवढा भार तो घेत असे. त्या संध्याकाळी पावणेसातला वीज गेली, काही कळलेसुद्धा नाही. वडील त्यांच्या मालिकेपुढे बसले. मुलाने दोन-तीनदा विषय काढला, तर हात हलवून म्हणाले, "जाऊ दे रे, जुन्या गोष्टी." हळूहळू घरोघरी इन्व्हर्टर आले आणि पार्किंगमध्ये पुन्हा फक्त गाड्या उरल्या. 2008 च्या पावसाळ्यात वडील गेले. पुढे मी वाईला जाऊन चौकशी केली. छापखान्याच्या जागी तीन मजली इमारत आहे. शेजारचे घरही नाही.

पेपरात एकदा वाचले होते, की आइसलँड देशात 1966 साली टीव्ही सुरू झाला, तेव्हापासून 1987 पर्यंत दर गुरुवारी प्रक्षेपणच नसे. सगळ्या देशाला गुरुवारची सुट्टी! आपल्याला सुट्टी मिळाली ती वीजटंचाईने, आणि ती मोडायला मी हप्ते भरले.

2020 च्या टाळेबंदीत पुन्हा तशी वेळ येईल, असे वाटले होते. मार्च अखेरीस दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा लावले, पहिले दोन दिवस आम्ही हौसेने बसलो. पण तोवर प्रत्येकाच्या हातात फोन होता. एका सोफ्यावर तीन माणसे तीन ठिकाणी.

त्यानंतर 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाची बातमी आली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात किंवा बोलतात. कोरोनात मुलांना फोनची सवय लागली, ती मोडण्यासाठी ग्रामस्थांनी ठरवले. कुणी वीज तोडली नाही, हे मला विशेष वाटले.

ती बातमी कापून मी त्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वाचून दाखवली आणि सुचवले, रोज नको, फक्त शनिवारी, आठ ते साडेनऊ. एका सभासदाने विचारले, केबलच्या बिलात सूट मिळणार का? दुसरे म्हणाले, शनिवारी मॅच असते. हशा झाला. ठराव काही झाला नाही, इतिवृत्तात 'सूचना नोंदवून घेतली' एवढे आहे. बँकेतली चाळीस वर्षे मी याच वाक्याने दुसऱ्यांच्या सूचना गाडल्या, तेव्हा तक्रार करणार कोणत्या तोंडाने?

तरी पुढच्या शनिवारी मी सतरंजी घेऊन गच्चीवर गेलो. पहिल्या दिवशी आम्ही नवरा-बायको आणि वॉचमनचा मुलगा. आता चार घरे नियमाने येतात, कधी सहा होतात, परीक्षेच्या दिवसांत दोन. मुले कंटाळतात, मग खेळतात. फोन खालीच ठेवून यायचे, एवढा एकच नियम.

गेल्या मे महिन्यात मुलगा बंगळुरूहून आला होता, त्याच्या मुलीला घेऊन. ती नऊ वर्षांची. गच्चीवर त्याने तिला पणजोबांची गोष्ट सांगितली. उलटी अक्षरे, ट्रेडल, पहाटेचे जाते. तो अगदी तिथपर्यंत आला आणि थांबला. तिने विचारले, "ती आजी कोण होती?" त्याने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, "मला माहीत नाही बाळा. तुझे पणजोबा उद्या सांगणार होते."

गच्चीची किल्ली शनिवारी माझ्याकडे असते, ए-12. सतरंजी आपापली आणावी, डास आहेत.