चार चाके, एक संसार

दिवाळीचा पाडवा हा साडेतीन मुहूर्तांतला अर्धाच मुहूर्त. पण मोटारीच्या दुकानात त्या दिवशी उडणारी झुंबड पाहिली तर पुऱ्या मुहूर्तानेही मान खाली घालावी. नव्या गाडीला झेंडूचा हार पडतो, पुढच्या पत्र्यावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि घरची लक्ष्मी ओवाळणीचे तबक घेऊन उभी राहते. पण हा सोहळा शेवटचा. त्याआधी निदान दोन-तीन महिने घरात खल चाललेला असतो, आणि सारा खल तीन प्रश्नांभोवती फिरतो : किंमत किती? ॲव्हरेज किती देते? आणि पुढे विकायला काढली तर काय येईल?

वाचकहो, हे तीन प्रश्न आपल्याला इतके स्वाभाविक वाटतात की जगाच्या आरंभापासून माणूस मोटार घेताना हेच विचारत आला असावा असा समज व्हावा. तसे नाही. यांतला प्रत्येक प्रश्न एकेका काळाने आपल्या गळ्यात बांधलेला आहे. तो कोणत्या काळाने आणि का बांधला, हे पाहण्यासारखे आहे. कारण या तिघांच्या गलबल्यात एक चौथा प्रश्न विचारायचा राहून गेला, आणि तो सर्वांत मोलाचा होता.

आपल्याकडे मोटारी आल्या त्या साहेबाच्या आणि संस्थानिकांच्या. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत कारखाना काढला. पण तेथे परदेशाहून आलेले सुटे भाग जोडण्याचे काम चाले. मोटार येथेच घडवायची हे स्वप्न पाहणाऱ्यांत विश्वेश्वरय्यांचे नाव येते, तसेच आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचेही येते. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी या देशात झाल्या पाहिजेत असा ध्यास घेतलेला हा माणूस. परक्या सरकारला त्यात गोडी असण्याचे कारण नव्हते. तरी १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ उभी राहिली आणि १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. तिकडे बिर्लांची ‘हिंदुस्थान मोटर्स’ १९४२ सालीच स्थापन झाली होती. तिने पुढे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बस्तान बसवले.

स्वतंत्र देशाच्या सरकारने १९५३ च्या सुमारास असे धोरण घेतले की ज्यांना येथे खरोखर उत्पादन करायचे असेल त्यांनीच राहावे. नुसती जोडाजोड करणाऱ्यांचे येथे काम नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. हेतू चांगला होता, आणि त्यातून देशात कारागीर घडले हेही खरे. पण गिऱ्हाइकापुढे मात्र तीनच नावे उरली. इटलीच्या फियाटवरून कुर्ल्यात होणारी ११००, इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून १९५७ पासून होऊ लागलेली ॲम्बॅसॅडर, आणि मद्रासची स्टँडर्ड, जिची दोन दारांची हेरल्ड १९६१ पासून रस्त्यावर आली. ॲम्बॅसॅडर ऐसपैस, सरकारी साहेबांची लाडकी. फियाट आटोपशीर, पेट्रोल कमी पिणारी, म्हणून मुंबईकराच्या पसंतीची. निवड झाली ती इतकीच.

आणि तीही नावाची. देशाची मागणी मोठी, उत्पादन तोकडे. १९५९ साली मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम निघाला. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि वाट पाहायची. ही वाट महिन्यांची नव्हे, वर्षांची होती. मुलगा शाळेत असताना नोंदवलेली गाडी तो नोकरीला लागल्यावर दारात आली, असे म्हणणारी माणसे घरोघर सापडत. नवी गाडी दोन वर्षांच्या आत परवान्याशिवाय विकण्यास मनाई होती. अशी मनाई सरकारला का करावी लागावी? कारण रांगेतून मिळालेली गाडी बाहेर विकली तर घेतल्यापेक्षा जास्त पैसे येत. आम्हा मास्तरांच्या वजाबाकीला हे गणित सुटणारे नाही : वापरलेली वस्तू नव्या वस्तूहून महाग! पण ज्याला आज गाडी हवी होती, तो नुसत्या वस्तूचे नव्हे, तर वाचलेल्या वर्षांचे पैसे मोजत होता.

‘विकताना काय येईल’ हा आपला तिसरा प्रश्न जन्मला तो या टंचाईत. गाडी म्हणजे वाहन कमी आणि ठेव जास्त, जवळजवळ सोन्याच्या पाटल्यांसारखी. टंचाई संपून पिढ्या उलटल्या, तरी आपण नवी गाडी घरी आणण्याआधी तिच्या निरोपाचा हिशेब मांडतो, तो याच सवयीने.

ॲव्हरेजचा प्रश्न आला समुद्रापलीकडून. १९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले, अरब देशांनी तेल रोखून धरले आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा जागतिक भाव सुमारे चौपट झाला. पेट्रोलच्या पंपावरचा आकडा पाहून सुखवस्तू माणसाच्याही पोटात गोळा येऊ लागला. गाडी दारात झाकून ठेवायची आणि कचेरीला लोकलने जायचे, रविवारी मात्र सहकुटुंब बाहेर पडायचे, अशी वहिवाट पडली. त्याच सुमारास कुर्ल्याच्या गाडीचे नाव बदलून आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाले. नाव राणीचे, पण घरात तिची किंमत ठरे ती लिटरला किती मैल जाते यावर. या पद्मिनीने पुढे टॅक्सीच्या काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईची अखंड सेवा केली. तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा कित्येकांचे डोळे पाणावले.

राहिला पहिला प्रश्न, किमतीचा. सामान्य माणसाला झेपेल अशी लहान मोटार असावी, याची चर्चा सरकारदरबारी पन्नाशीच्या अखेरीपासून होती. समित्या बसत, अहवाल देत, उठत. आपल्या इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी मात्र समितीची वाट पाहत बसले नाहीत. १९४९ च्या सुमारास त्यांनी छोट्या गाडीचा पहिला नमुना स्वतः तयार केला. यंत्र मागच्या बाजूला, आकार लहान, खर्च बेताचा. एकामागून एक सुधारलेले नमुने काढत त्यांनी पंचवीस वर्षे घालवली. ‘मीरा’ नावाची ती गाडी रस्त्यावर धावली. पण परवान्याच्या राज्यात कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. घरची मोटार घरच्याच माणसाने घडवण्याची ती संधी तशीच विरून गेली.

दिल्लीजवळ गुडगावला मात्र ‘मारुती’ नावाने लहान गाडीचा कारखाना १९७१ साली स्थापन झाला, संजय गांधींच्या पुढाकाराने. त्यातून लोकांच्या हाती गाडी पडली नाही आणि कंपनी बुडाली. १९८० साली सरकारने ती ताब्यात घेतली, १९८१ साली ‘मारुती उद्योग’ स्थापन केला आणि १९८२ साली जपानच्या सुझुकीशी करार केला. नोंदणी उघडताच लाखाहून अधिक लोकांनी दहा-दहा हजार रुपये भरले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते देण्यात आली. किंमत सुमारे ४७,५०० रुपये. तीन सिलिंडरांचे ७९६ सी.सी.चे चिमुकले इंजिन, हलके अंग, आणि सकाळी एकदा किल्ली फिरवली की सुरू होणारे यंत्र! ॲम्बॅसॅडरला धक्का मारून ज्यांचे खांदे भरून आले होते, त्यांना हा चमत्कारच वाटला. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, तोवर भारतात ती पंचवीस लाखांहून अधिक घरांत पोहोचली होती. मास्तर, कारकून, छोटा दुकानदार अशी मोटारीकडे लांबून पाहणारी माणसे प्रथमच तिच्यात बसली. या गाडीचे ते ऋण मान्य केलेच पाहिजे.

१९९३ साली मोटारींचा परवाना उठला आणि दुकाने भरली. १९९८ साली एका वर्षात सँट्रो आली आणि आपल्या पिंपरी-चिंचवडची इंडिकाही आली. बँका हप्त्याने कर्ज देऊ लागल्या. ज्या देशात माणूस गाडीची वाट पाहत असे, तेथे गाडी माणसाची वाट पाहू लागली.

या साऱ्या कथेतले सर्वांत हृद्य आणि सर्वांत खिन्न प्रकरण नॅनोचे. पावसात भिजत स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब रतन टाटांनी पाहिले : बाप चालवतो आहे, एक मूल पुढे उभे, मागे आई, तिच्या मांडीवर दुसरे. त्यांना सुखरूप घरी पोहोचवील अशी गाडी हवी, या विचारातून नॅनो निघाली. २००८ साली ती दिल्लीत लोकांपुढे आली, २००९ साली विकू लागली. नीट पाहिले तर तिचा मूळ प्रश्न किमतीचा नव्हताच; तो जिवाचा होता. पण जगभर गाजले ते ‘एक लाखात मोटार’ हे बोल. सर्वांत स्वस्त म्हणून ओळखली जाणारी गाडी दारात उभी करायला मध्यमवर्गीय माणूस लाजला. आपल्याला गाडी परवडणारी हवी असते. स्वस्त म्हणवलेली नको असते. सिंगूरहून साणंदला कारखाना हलवावा लागला, काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, आणि २०१८ साली नॅनोचे उत्पादन संपले.

आणि आता तो राहून गेलेला चौथा प्रश्न : धडक झाली तर आतली माणसे वाचतील का?

२०१४ च्या जानेवारीत ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. आल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. हवेच्या पिशव्या नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या रक्षणासाठी मिळालेले तारे शून्य. दोघींचा सांगाडा मजबूत निघाला, पण पिशवीवाचून तोही अपुरा पडला.

ताशी ६४ किलोमीटर म्हणजे फार वेग नव्हे, असे आपण म्हणतो. शाळेतले गणित करून पाहा. या वेगाने आदळणे म्हणजे सोळा मीटरांवरून, सुमारे पाचव्या मजल्यावरून, खाली पडणे. आदळल्यावर गाडी थांबते. आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. पट्टा लावलेला नसेल तर त्याला थांबवते ती काच. आणि आईच्या मांडीवरचे मूल? ते त्या क्षणी आईच्या हातांत राहणे कोणत्याही आईच्या ताकदीबाहेरचे आहे. फियाटच्या पुढच्या सलग बाकावर आजोबांच्या मांडीत नातू बसवून आपण पिढ्यान् पिढ्या हिंडलो, ही आपली प्रेमाची रीत; पण त्या रीतीत धोका होता.

पूर्वीच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांना गाडी मिळणे हेच भाग्य होते, त्यांनी तिच्या सांगाड्याची चौकशी कोणाकडे करावी? आपली गोष्ट वेगळी आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत चालकापुढे हवेची पिशवी सक्तीची झाली, पुढे शेजारच्या जागेसाठीही झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची परीक्षा सुरू झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे तपासायला निकाल आहेत आणि हाती थोडे पैसेही उरले आहेत. ते पैसे चकचकीत चाकांवर आणि मोठ्या पडद्यावर घालवायचे, की दोन पिशव्या जास्त असलेली गाडी आणि मुलासाठी वेगळी खुर्ची घेण्यात, हे आता घरात बसून ठरवता येते. आपल्या आजोबांना हे स्वातंत्र्य नव्हते.

काटकसर ही मराठी घराची शोभा आहे; ती सोडा असे कोण म्हणेल? पण काटकसर म्हणजे कमी खर्च नव्हे, योग्य ठिकाणी खर्च. लिटरमागे एक-दोन किलोमीटर कमी पडले तर महिन्याच्या जमाखर्चात ते भरून काढता येते. विकताना दहा हजार कमी आले तर तेही सोसता येतात. काही तोटे मात्र कोणत्याच वहीत भरून निघत नाहीत. म्हणून यंदा घरात मोटारीचा खल सुरू झाला, तर चौथा प्रश्न पहिल्यांदा विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर बाकीचे तीन. मग आजीला मागे नीट बसवा, तिचा पट्टा लावा आणि खुशाल देवदर्शनाला निघा.