ल्यूकच्या हातातला लाइटसेबर म्हणजे कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश! तसाच घरी किटमधून कसा बनवतात?

'स्टार वॉर्स'चा एकही भाग न पाहिलेला माणूससुद्धा लाइटसेबर बघितला की ओळखतो. हातात धातूची मूठ, बटण दाबलं की बाहेर येणारं निळं पातं आणि तो घुमणारा आवाज. आज जगभरातले चाहते किट मागवून हा लाइटसेबर घरी जोडतात आणि मूळ सिनेमाशी मिलिमीटरचा फरकही पडू नये म्हणून धडपडतात.

गंमत म्हणजे ज्याची एवढी नक्कल होते, तो मूळ लाइटसेबर हा शुद्ध जुगाड होता.

मूळ लाइटसेबर कसा तयार झाला?

१९७७ साली आलेल्या पहिल्या सिनेमाचं सेट सजवायचं काम रॉजर ख्रिश्चन यांच्याकडे होतं. बजेट कमी होतं, त्यामुळे सगळं नवीन बनवून घेणं परवडणारं नव्हतं. लंडनमधल्या फोटोग्राफीच्या एका दुकानात जुन्या सामानात त्यांना ग्राफ्लेक्स कंपनीच्या फ्लॅशच्या दांड्या सापडल्या.

पूर्वी अमेरिकेतले वृत्तपत्र छायाचित्रकार मोठ्या कॅमेऱ्याला ही दांडी जोडायचे. आत टॉर्चमध्ये घालतात तसे तीन मोठे सेल आणि वर फ्लॅशचा बल्ब. दांडीवर लाल बटण आधीपासूनच होतं.

ख्रिश्चन यांनी तिच्यावर काळ्या पट्ट्या चिकटवल्या. क्लॅम्पमध्ये कॅल्क्युलेटरचे आकडे मोठे दिसावेत म्हणून असते ती पारदर्शक, फुगीर पट्टी बसवली. पट्ट्याला अडकवायला खाली एक कडी लावली. झाली ल्यूक स्कायवॉकरची मूठ तयार! या सिनेमाच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं, त्या विजेत्यांमध्ये ख्रिश्चनही होते.

मग खराच फ्लॅश का वापरत नाहीत?

सुरुवातीला चाहते तेच करायचे. जुना फ्लॅश शोधायचा, कापायचा, छिद्रं पाडायची. पण हे फ्लॅश बनणं केव्हाच बंद झालंय. एक लाइटसेबर तयार झाला की फोटोग्राफीच्या इतिहासातली एक वस्तू कायमची कमी होते. जुने कॅमेरे जमवणारे म्हणूनच या छंदावर नाराज असतात.

किटमुळे हा प्रश्न सुटतो. त्यात मूठ, क्लॅम्प, पट्ट्या असं सगळं त्याच मापात नव्याने बनवलेलं मिळतं. हवं तेवढं कापा, घासा, रंगवा.

जोडायचं कसं?

१) आधी काहीही न चिकटवता सगळे भाग एकमेकांत बसवून बघा. कुठे अडकत असेल तर कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून घ्या. एकदा गोंद लावला की चूक सुधारणं अवघड होतं.

२) मुठीच्या आत चेसिस जातं, म्हणजे बॅटरी, स्पीकर आणि साउंड बोर्ड धरून ठेवणारा सांगाडा. सोल्डरिंग आणि चाचणी मुठीच्या बाहेरच करा. दिवा लागला, आवाज आला, मगच आत सरकवा.

३) पातं शेवटी. ते मुठीत घालून छोट्या स्क्रूने घट्ट करतात.

पातं कुठलं घ्यायचं?

दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात एक जोरदार एलईडी मुठीतच असतो आणि पातं म्हणजे पोकळ नळी. हे स्वस्त आणि दणकट. दुसऱ्यात नळीच्या आत एलईडीची पट्टी असते आणि प्रत्येक दिवा वेगळा पेटतो. त्यामुळे सिनेमासारखं पातं मुठीतून वर सरकताना दिसतं. मित्राशी लढाई खेळायची असेल तर पहिला घ्या, रील बनवायची असेल तर दुसरा.

नळी मात्र पॉलिकार्बोनेटचीच हवी. ॲक्रिलिकची नळी फटका बसला की तुटून तुकडे उडू शकतात.

बॅटरीशी खेळ नको

यात बहुतेक वेळा १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. मूठ धातूची, म्हणजे वीजवाहक. आत एखादी वायर सोलली गेली तर शॉर्ट सर्किट होऊन सेल पेट घेऊ शकतो. म्हणून प्रत्येक जोडावर हीट श्रिंक नळी चढवा, संरक्षक सर्किट असलेलाच सेल घ्या आणि सेलवर थेट सोल्डरिंग करू नका. वायरिंग करताना सेल बाहेर ठेवा.

आता 'आपला' कसा करायचा?

नवी कोरी चकचकीत मूठ खेळण्यासारखी दिसते. त्यावर पातळ काळा ॲक्रिलिक रंग लावून लगेच पुसला की खाचांमध्ये काळपटपणा राहतो आणि मूठ वापरलेली वाटते. हात जिथे घासला जाईल तिथेच झिजवा, सगळीकडे नाही.

आवाज मेमरी कार्डवरून बदलता येतो. बोर्डावरचा सेन्सर हालचाल ओळखतो आणि तसा आवाज वर-खाली होतो. मूळ आवाजही जुगाडच बरं का! बेन बर्ट यांनी सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि जुन्या टीव्हीची गुणगुण एकत्र केली. मग तो आवाज स्पीकरवर वाजवून समोरून माइक हलवला, त्यातून तलवार फिरवल्याचा भास झाला.

त्यामुळे हुबेहूब करायचा की स्वतःच्या मनासारखा, या वादात फार अडकू नका. मापात बसवलात तर वस्तूची नक्कल होते. घरातल्या बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरची पट्टी लावलीत तर ख्रिश्चन यांच्या पद्धतीची.

फक्त कधी एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओत खरा फ्लॅश हाती लागलाच, तर त्याला ड्रिल लावू नका. तो आहे तसाच राहू द्या.