जात्यापासून व्यासपीठापर्यंत

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर हा मोठा बहुश्रुत राजा होता. इ. स. ११३० च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्य कसे राखावे, हत्ती कसे धरावेत, रत्ने कशी पारखावीत, ताटात कोणते पदार्थ असावेत, असा सारा राजव्यवहार आणि राजविलास त्यात आला आहे. गायनाचा विषय निघाला तेव्हा या राजाने जाता जाता एक नोंद करून ठेवली, की महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात. नोंद एवढीच आहे. कोणती बाई, कोणते गाव, काय गायली, याची चौकशी करण्याचे राजाला कारण नव्हते. परंतु ही नोंद झाली तेव्हा ज्ञानेश्वरी लिहिली जाण्यास दीडशेहून अधिक वर्षे अवकाश होता. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे पोथीत ओवी मानाने बसण्यापूर्वी कितीतरी पिढ्या ती उखळाजवळ आणि जात्याजवळ बसलेली होती. मराठी ग्रंथांचा हा थोर छंद मूळचा बायकांच्या कष्टाच्या तालातून आला, असे म्हणण्यास मला तरी संकोच वाटत नाही. तुकडोजी महाराजांनी १९५५ मध्ये आपल्या वऱ्हाडातून ‘ग्रामगीता’ दिली, तीही ओवीतच.

मनाच्या स्वास्थ्याविषयी आज पुष्कळ बोलले जाते. एखादा छंद लावून घ्यावा, चित्रे काढावीत, चार ओळी लिहाव्यात, म्हणजे मन ताजे राहते आणि माणूस वाढतो, असा सल्ला जाणते लोक देतात. सल्ला खोटा नाही. मात्र त्यात माणसाजवळ फुरसत आहे असे धरून चाललेले असते. ज्या बाईची पहाट दळणाने सुरू होई आणि रात्र उष्ट्या भांड्यांनी संपे, तिला छंदासाठी वेगळा तास कोण देणार? तिने तो तास कष्टाच्या पोटातच शोधला. रोजच्या निर्मितीने माणसाचे मन कसे तगते, हे पाहायचे असेल तर निवांत कलावंतांकडे न जाता या बाईकडे जावे, असे मला वाटते.

जाते ही वस्तू आता नव्या पिढीला लग्नातील हळदीपुरती ठाऊक. दगडाच्या दोन तळ्या, मध्ये खुंटीवर फिरणारी माकडी, वरच्या तळीला उभा खुंटा. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे सोडायचे. दळण जास्त असले की दोघी समोरासमोर बसत, बहुधा जावा-जावा, कधी नणंद-भावजय. दगड जड असल्यामुळे ओढीला आपोआप ताल येतो आणि तालाला शब्द हवेसे वाटतात. पहिल्या काही ओव्या देवाच्या, मग आईच्या, मग भावाच्या. ओवीची घडी ठरलेली असते, अर्धे शब्दही ठरलेले असतात. त्या तयार घडीत प्रत्येकजण आपल्या भावाचे नाव, आपल्या माहेरचा रस्ता, आपले दुखणे बसवते. त्यामुळे ज्या बाईला आपण काही रचतो आहोत याची जाणीवही नाही, ती रोज पहाटे रचीत असे. जे सासूला सांगता येत नाही, नवऱ्यापुढे उच्चारता येत नाही, ते दगडाला सांगता येई. ऐकणाऱ्याने कान दिला तरी बाईवर आरोप येत नसे, कारण ती तर केवळ दळीत होती!

या दृष्टीने जनाबाईची कथा पुन्हा वाचावी. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागे, अशी परंपरेने सांगितलेली आणि तिच्या नावावरील अभंगांतून आलेली गोष्ट सर्वांना माहीत आहे. भक्तीचा चमत्कार म्हणून आपण ती ऐकतो. जाते ओढलेल्या बाईला त्यात आणखी काही दिसेल. जात्याला दुसरा हात लागतो. दासीच्या समोर बसायला ना जाऊ, ना नणंद. तेव्हा जनीने रिकाम्या जागेवर देवाला बसवले. एकटेपणावर याहून मोठी रचना मला माहीत नाही.

जनीपासून सहा शतके खाली यावे. जळगावजवळच्या असोदे गावी २४ ऑगस्ट १८८० रोजी बहिणाबाईंचा जन्म झाला. लग्न बालपणी जळगावच्या चौधरी कुटुंबात झाले, आणि तिशीच्या आसपास वैधव्य आले. पदरी मुले, शेतीचे काम, अक्षरओळख नाही. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. त्या घरोटावर, शेताच्या बांधावर, चुलीपाशी त्या गाणी रचीत गेल्या. पुढे कवी म्हणून नावारूपाला आलेले त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही कागदावर उतरवून घेतली. बाकीची म्हटली गेली आणि विरली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. महाराष्ट्र चकित झाला. चकित होणे मला थोडे विचित्रच वाटते, कारण अशा बायका घरोघर होत्या. बहिणाबाईंची प्रतिभा असामान्य खरीच, पण त्यांच्या घरी ऐकून लिहिणारा मुलगा होता, हाही योग तितकाच असामान्य. घरोटावरचे आणि सुगरणीच्या खोप्यावरचे गाणे रचणाऱ्या या बाईला छापण्याची हाव नव्हती, कीर्तीची कल्पना नव्हती. गाण्याने त्यांचे वैधव्य पुसले नाही, शेतातले काम हलके केले नाही. परंतु दुःखाने कडवट होण्याऐवजी त्यांची नजर शेवटपर्यंत ताजी राहिली, ती या रोजच्या रचण्यामुळे, असे त्यांची गाणी वाचताना जाणवते. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. अक्षरशत्रू बाईचे नाव पदवीच्या कागदावर आले, ही आपल्या इतिहासातील एक सुखद गंमत आहे.

आपल्या वऱ्हाडात हा गुण बायकांपुरता राहिला नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत भुलाबाई बसते. शंकर-पार्वतीच्या त्या मातीच्या जोडीपुढे मुली टिपऱ्या घेऊन सासर-माहेरची गाणी म्हणतात आणि झाकलेला खाऊ ओळखतात. संसार वाट्याला येण्यापूर्वीच त्याच्याशी थट्टा करण्याचा हा सराव आहे. पुरुषांसाठी पोळा. तोरणाखाली सजवलेले बैल उभे राहिले की शेतकरी झडत्या म्हणतात. झडतीत देव येतो, बैलाचे उपकार येतात आणि त्याच दमात सावकार, व्यापारी, कापसाचा भाव आणि सरकारही येते. वर्षभर मुकाट्याने बाजारसमितीच्या आवारात उभा राहणारा माणूस त्या दिवशी सर्वांसमक्ष यमक जुळवून जाब विचारतो. यवतमाळ-वर्ध्याच्या भागात आजही पोळ्याला नव्या झडत्या होतात. ज्या वर्षी भाव पडतो, त्या वर्षी झडतीला धार अधिक.

जात्याचे मात्र तसे झाले नाही. गावोगाव पिठाची गिरणी आली आणि पहाटेचा तो आवाज बंद झाला. झाले ते चांगलेच झाले. ओवी गेली म्हणून हळहळणाऱ्या रसिकाने एकदा दोन शेर ज्वारी दळून पाहावी, आणि मग खांद्याला विचारून हळहळावे. यंत्राशी माझे भांडण नाही. लोहाऱ्याची शीव आज यवतमाळ शहराला भिडली आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत जीन्सचे कापड निघते, आणि त्यासाठी लागणारा कापूस मात्र भोवतालच्या रानांत अजूनही बहुतेक बायकांच्याच हातांनी वेचला जातो. कष्ट सारे गेले असे नाही. ज्या कष्टाला ताल होता, जोडीदारीण होती आणि बोलण्याची मुभा होती, तेवढे गेले. गिरणीने बाईची पहाट मोकळी केली. ती मोकळी पहाट दुसऱ्या कामांनी भरून टाकली, आणि दगडाशी होणारे बोलणे कोठे न्यावे याचा विचार कोणी केला नाही.

विचार झाला तो जतनाचा. साने गुरुजींनी ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’ हा संग्रह दिला. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्यासाठी जन्म वेचला. १९८० नंतरच्या दशकांत हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवाँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगराळ गावांतून काम सुरू केले. त्यांच्या मंडळींनी पुढे महाराष्ट्रभरच्या गावांतून लाखाहून अधिक ओव्या टिपल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या केल्या. हे काम थोर आहे. पण जतन म्हणजे पूर्वी रचलेले सांभाळणे. उद्याच्या पहाटे नवे कोण रचणार?

हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात केवळ साहित्याचा नाही. गेल्या तीस वर्षांत कर्ज, नापिकी आणि कापसाचा भाव यांनी येथे कितीतरी शेतकऱ्यांचे बळी घेतले. मागे राहिलेल्या बाईला कर्ज वारशाने मिळते आणि जमीन पुष्कळदा मिळत नाही. तिच्याजवळ जाते नाही, समोर जाऊ नाही. वर्ध्याचे हरीश इथापे यांनी अशा बायकांना घेऊन ‘तेरवं’ हे नाटक उभे केले. लेखन श्याम पेठकर यांचे. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी. नाटकात काम करणाऱ्या स्त्रिया व्यवसायाने नटी नाहीत, त्या खरोखरच आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी आहेत. शब्द लेखकाचे असले तरी ते पेलणारा आवाज ज्याचा त्याचा. अश्रू ढाळण्याला आणि मदतीच्या धनादेशाला हात पुढे करण्याला जगाने त्यांना जागा दिली होती. उभे राहून बोलण्याची जागा त्यांना या तालमींत मिळाली.

पुण्यात १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि मराठी माणसाच्या बोलण्याला व्यासपीठ लाभले. ज्या पहाटे त्या व्याख्यात्यांच्या घरी पीठ दळले जात होते, त्या पहाटेच्या वाणीला व्यासपीठ लाभायला फार उशीर लागला. यवतमाळला १९७३ मध्ये साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. पुन्हा ते जानेवारी २०१९ मध्ये भरले, ब्याण्णवावे. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले, त्यावरून महाराष्ट्रभर वादळ उठले. ते योग्य झाले नाही असेच माझे मत आहे. शेवटी दीप लावण्याचा मान ‘तेरवं’मधील एक कलावती, शेतकऱ्याची विधवा वैशाली येडे यांना देण्यात आला. अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या, स्त्रियांच्या लोकपरंपरेचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या. दिवा लागल्यावर येडे भाषणाला उभ्या राहिल्या आणि हजारोंच्या समोर, कोणाच्या आडून नव्हे, शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायकांविषयी बोलल्या.